तात्यांची पाऊणकी

आमच्या भागातला माणूस मुंबईला जातो तो तीन कामांसाठी. एक, पोट भरायला. दोन, केईएमला किंवा टाटाला पेशंट घेऊन. तीन, सही आणायला. पाखरं बघायला मुंबईला निघालेला माणूस आमच्या गावात कुणी पाहिला नव्हता. म्हणून २०१७ च्या फेब्रुवारीत मी पाठीला सॅक लावून निघालो, तेव्हा पारावरच्या एकाने विचारलंच, "काय रं, पोतं घेऊन कुठं निघालास?" मी म्हणालो, "मुंबईला, फ्लेमिंगो बघायला." त्याने माझ्याकडे असं बघितलं, की मी पाणी आणायला नदीवरून वाळवंटात निघालोय.

त्याचं बघणं चूक नव्हतं. आमचं गाव इंदापूर तालुक्यातलं, उजनीच्या पाण्याच्या काठावरचं. हिवाळ्यात फ्लेमिंगो आमच्याच दारात येतात. लहानपणी त्यांना आमच्याकडे कुणी नावानं ओळखत नव्हतं. आजी त्यांना "लांब पायाचे बगळे" म्हणायची. पुढं भिगवणला पुण्या-मुंबईची माणसं कॅमेरे घेऊन यायला लागली, मासे धरणाऱ्यांनी त्यांच्यासाठी होड्या काढल्या, आणि बघता बघता पोराटोरांच्या तोंडी "फ्लेमिंगो" बसला. मराठीत त्याला रोहित म्हणतात, अग्निपंखही म्हणतात, हे मला कॉलेजात कळलं. पंख मिटलेले असतात तोवर पक्षी पांढुरका दिसतो. उडताना आतला लाल रंग उघडतो, तेव्हा अग्निपंख हे नाव पटतं.

पण खरं कारण पाखरं नव्हती. म्हणजे पाखरं होतीच, पण सॅकमध्ये दुर्बिणीसाठी मोकळी ठेवलेली जागा होती तिच्याशेजारी प्लॅस्टिकच्या पिशवीत एक कागद होता. हक्कसोडपत्राचा मसुदा. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, तालुक्याच्या वकिलाकडून लिहून घेतलेला. लालबागला राहणाऱ्या माझ्या थोरल्या चुलत्यांना, तात्यांना, तो दाखवायचा, वाचून "हो" घ्यायचं, आणि नोंदणीसाठी इंदापूरला कधी येता ते विचारायचं. अण्णा निघताना एवढंच म्हणाले, "त्याला वाईट वाटंल असं बोलू नको. कागद दे आन गप बस."

आता जमिनीचं सांगितलं पाहिजे. भीमेवर उजनीचं धरण झालं आणि १९८० च्या आसपास पाणी आमच्या शिवारात पुरतं स्थिरावलं. नदीकाठची काळी जमीन सगळी गेली. ज्वारीला पाणी द्यावं लागत नव्हतं अशी ती जमीन. वरची चार एकर मुरमाड राहिली. त्या चार एकरांवर दोन भावांचं भागणार नव्हतं, म्हणून थोरला भाऊ मुंबईला गेला. परळच्या एका गिरणीत बदली कामगार म्हणून लागला, पुढे कायम झाला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या संपात अडीच लाख कामगार बाहेर पडले, त्यात तात्याही होते. गिरणीत ते परत गेले नाहीत. गावाकडे मात्र उलटं झालं. ज्या पाण्यानं बुडवलं तेच पाणी मोटारी लावून वर आणलं, आणि त्या मुरमाड चार एकरांत ऊस उभा राहिला. चाळीस वर्षांपूर्वी ज्या जमिनीकडे कुणी बघत नव्हतं तिला आता भाव आला. सातबाऱ्यावर दोघांचं नाव. कसणारा एक. मग कागद निघतो.

रात्रीची गाडी धरली ती पहाटे पाचला दादरला पोचायची होती. खंडाळ्याच्या घाटात तिचा पट्टा तुटला. अडीच-तीन तास आम्ही रस्त्याच्या कडेला. ड्रायव्हर गाडीखाली, क्लीनर मोबाइलचा उजेड धरून, आणि प्रवासी एकेक करून झाडीकडे. उजाडताना दरीतून कुठूनतरी शीळ घालत एक पक्षी गायला लागला. कस्तूर असावा. गाडी वेळेवर असती तर तो कानावर पडला नसता, एवढं समाधान मानून घेतलं.

दादर टीटीला उतरलो तेव्हा सव्वाआठ झाले होते. पूल ओलांडून पश्चिमेला आलो. फुलबाजाराचा भर ओसरला होता, झेंडूच्या पाकळ्या पायाखाली चिकटत होत्या. माझी दुर्बीण होती गिरगावात, एका मित्राकडे. त्यासाठी चर्नी रोडला जायचं होतं. सकाळच्या त्या वेळेला दादरला लोकलमध्ये चढायचं म्हणजे काय, ते गावाकडे सांगून कळत नाही. बाजाराच्या दिवशी मेंढरं टेम्पोत भरतात तसं. मी कसाबसा आत गेलो, माझी सॅक बाहेरच. चार जण एकदम ओरडले, "सॅक पुढे घे!" पुढे घ्यायला हात हलले पाहिजेत ना. मागून कुणीतरी ओढली, पुढून कुणीतरी दाबली, आणि डाव्या खांद्यावरचा पट्टा टरकन उसवला. त्याच माणसाने मग ती सॅक स्वतःच्या डोक्यावर धरून महालक्ष्मीपर्यंत आणली. मुंबईचं असं आहे. शिवी देतात आणि ओझंही धरतात.

गिरगावात मित्राच्या चाळीत गेलो तर दाराला कुलूप. त्याच्या आजोळी कुणीतरी वारलं होतं, पहाटेच गेला होता. शेजारच्या आजींनी हाक मारली. "सॅकवाला तूच ना? दुर्बीण माझ्याकडे ठेवलीय. आधी पोहे खा." पोहे खाताना कळलं, की दुर्बीण तिथे दोन दिवसांपासून होती आणि आजींनी तिचा पुरेपूर उपयोग केला होता. त्यांच्या गॅलरीसमोर वाडीत एक जुना पिंपळ. त्याच्यावर तांबट बसून टुक टुक टुक करत होता, भांड्याला पोचे काढल्यासारखा. "साठ वर्षं ह्याचा आवाज ऐकतेय," आजी म्हणाल्या, "पण त्याच्या कपाळाला लाल टिळा असतो हे परवा कळलं." दुर्बीण देताना त्यांचा हात जरा रेंगाळला.

तिथून निघालो तो खेतवाडीच्या गल्ल्यांतून. सलीम अली ह्याच खेतवाडीत वाढले. १८९६ चा जन्म, आईवडील लहानपणीच गेले, मामांनी सांभाळलं. हातात छर्‍यांची बंदूक होती, तिने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला म्हणून मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवलं. १८८३ साली स्थापन झालेली ती संस्था. तिथल्या मिलार्डसाहेबांनी पोराला हाकलून न देता कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. पुढे ह्याच माणसाने १९४५ मध्ये कच्छच्या रणात जाऊन फ्लेमिंगोंची घरटी पाहिली. चिखलाच्या उतरंडीसारखी घरटी, हजारोंनी. आमच्या उजनीवर आणि मुंबईच्या खाडीवर येणारे बरेचसे पक्षी तिकडूनच गुजरातेतून येतात. ते आपल्याकडे पोट भरायला येतात आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत फिरतात. संसार तिकडे, चाकरी इकडे. हे वाचलं तेव्हा मला पहिल्यांदा लालबाग आठवलं होतं.

लालबागला तात्यांच्या खोलीवर पोचेस्तोवर बारा वाजले. वाटेत करी रोडच्या पुलाखाली एका चांभारदादाकडून पट्टा शिवून घेतला. तात्या दारातच बसले होते. बासष्ट वर्षांचे, पण खांदे अजून रुंद.

"आलास व्हय? किती उशीर. आन ह्ये काय पाठीवर?"

"सॅक आहे तात्या."

"मी आलो तवा पत्र्याची ट्रंक होती. तुमचं बरं हाय."

माझा बेत होता सकाळी दहाला शिवडीच्या धक्क्यावर असायचं. पाणी उतरत असताना पक्षी किनाऱ्याजवळ चरतात, असं वाचलं होतं. आता लगेच निघावं म्हणून मी चपला काढल्याच नव्हत्या. तात्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे बघितलं.

"आज दशमी. आता जाऊन काय बघणार? पाणी पार लांब गेलं आसंल."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पाऊणकी येती का?" मला पाऊणकी येत नव्हती. आमच्या पिढीला कुणी शिकवलीच नाही. तात्यांनी बोटं मोडत म्हणून दाखवली. पाऊण, दीड, सव्वादोन, तीन, पावणेचार, साडेचार, सव्वापाच, सहा, पावणेसात, साडेसात. "तिथीला पाऊणनं गुणायचं. दशमीला साडेसात. साडेसातला भरती, सकाळीबी आन रात्रीबी. मधी दीडला ओहोटी. साडेचारला जायचं, पाणी चढाय लागतं तवा पाखरं पुढं सरकत येत्यात."

गिरणी सुटल्यावर तात्यांनी पाच-सहा ठिकाणी कामं केली. शेवटची वीस वर्षं ते शिवडीला बंदराच्या बाजूला एका गोदामावर रात्रपाळीचे वॉचमन होते. हा हिशोब त्यांना तिथल्या एका कोळ्याने शिकवला. पुस्तकातला तक्ता मिनिटांपर्यंत वेळ सांगतो, हा हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडेतिकडे होतो. पण त्याला कागद लागत नाही.

काकींनी बोंबलाचं कालवण आणि माझ्याच आईने दिलेली बाजरीची भाकरी वाढली. जेवून झाल्यावर मी कागद काढला. तात्यांनी चष्मा शोधला नाही. "ठेव तितंच. संध्याकाळी बघू." मी तो परत सॅकमध्ये ठेवला. काकी आत भांडी घासत होत्या, त्यांचा आवाज थांबला होता आणि मग जरा जोरात सुरू झाला.

साडेतीनला निघालो. काळाचौकीवरून कॉटन ग्रीनपर्यंत चालत, तिथून हार्बरची गाडी, एकच स्टेशन. वाटेत एका बंद गिरणीचं धुराडं उभं होतं. निम्म्या उंचीवर विटांतून पिंपळ फुटलेला, टोकावर घार बसलेली. तात्या थांबले नाहीत. शिवडीला पूर्वेकडे उतरलं की मुंबई एकदम बदलते. माणसं कमी, टँकर जास्त. गोदामं, भंगार, डिझेलचा वास, आणि त्यात मिसळलेला चिखलाचा खारा, कुजका वास. उजवीकडच्या टेकाडावर जुना शिवडीचा किल्ला. रस्ता संपतो तिथे धक्का, आणि धक्क्यापुढे खाडी.

आधी मला फक्त चिखल दिसला. लांबच लांब, शिशासारखा चकाकणारा. त्याच्यात अर्धी रुतलेली गंजकी पडावं. तिवरांच्या मुळांशी निवट्या उड्या मारत होत्या. अर्धा मासा, अर्धा बेडूक असल्यासारखा हा जीव. पलीकडे ट्रॉम्बेकडच्या कारखान्यांची धुराडी. आणि त्या धुराड्यांच्या पायथ्याशी एक गुलाबी रेघ. कुणीतरी गुलाल सांडून हाताने ओढल्यासारखी. दुर्बीण लावली, तर रेघेला पाय फुटले.

हजारोंनी होते. आमच्या उजनीवर येतो तो मोठा रोहित, उंच, पांढुरका, चोचीचं टोक तेवढं काळं. इथे बहुतेक सगळे छोटे रोहित. अंगाने लहान, रंगाने गडद, चोच काळपट लाल. सगळ्यांच्या माना खाली, चोच उलटी करून चिखलातलं पाणी गाळत चाललेले. त्या पाण्यातलं शेवाळ हे त्यांचं जेवण, आणि गुलाबी रंग आला तोही त्या खाण्यातूनच. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं. शहराची घाण खाडीत येते, तिच्यावर शेवाळ माजतं, म्हणून इथे पाखरं येतात, असं जाणकार सांगतात. १९९० नंतर ती मुंबईत अशी मोठ्या संख्येने दिसायला लागली. म्हणजे तात्यांची रात्रपाळी आणि त्यांची चाकरी साधारण एकाच काळात सुरू झाली.

"तुम्ही रोज बघत असाल," मी म्हणालो.

"दिसायचं रोज. पर पाळी सुटल्यावर झोप आसती डोळ्यांत. थांबून कोण बघतंय?"

पाणी चढायला लागलं. आवाज नाही, लाट नाही. चिखलाचे चर हळूहळू भरत होते, आणि त्याबरोबर गुलाबी रेघ जाड होत पुढे येत होती. दुर्बीण तात्यांना द्यावी म्हणून मी वाकलो, आणि करी रोडचा टाका सुटला. सॅक खांद्यावरून घसरली, धक्क्याच्या दगडावर आपटली आणि खाली चिखलात गेली. बुडाली नाही, पण तोंडापर्यंत रुतली. बाजूला पडाव दुरुस्त करणारी दोन पोरं होती. त्यांतल्या एकाने लांब काठीला आकडी लावून ती वर ओढली. पाणी, चिखल, आत एक निवटी. पोरगं हसत म्हणालं, "काका, पक्षी बघायला आले आणि मासा घेऊन चालले."

चेन उसवली होती. कपडे गेले, चार्जर गेला. प्लॅस्टिकच्या पिशवीत एका कोपऱ्यातून काळं पाणी शिरलं होतं. तात्यांनी ती माझ्या हातातून घेतली. दगडावर उकिडवे बसून एकेक पान सोडवलं, धोतराला पुसलं, आणि मग खिशातून चष्मा काढला. म्हणजे चष्मा बरोबर होता. पहिल्या पानावरची अक्षरं बरीचशी पसरली होती. "लिहून देणार" याच्यापुढे त्यांचं पूर्ण नाव तेवढं धड राहिलं होतं. ते त्यांनी बोट लावून वाचलं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. पाखरं आता धक्क्यापासून दोन-अडीचशे हातांवर आली होती. त्यांचं गुणगुणणं ऐकू यायला लागलं, दुरून बायका जात्यावर बोलत असाव्यात तसं.

"ही आपल्याकडं येत्यात तीच का?"

"नाही तात्या. आपल्याकडची मोठी असतात. पण जात एकच."

"कुठं बसत्यात आपल्याकडं?"

"पाणी ओसरलं की खालच्या अंगाला. जुन्या विहिरीच्या पुढं चिखल उघडा पडतो, तिथं."

"म्हंजी काळ्या रानात." त्यांनी दुर्बीण डोळ्याला लावली. "ते रान मी नांगरलेलं हाय. शेवटची ज्वारी मीच काढली. कणसं आली हुती आन पाणी चढत हुतं. रात्रीतनं काढली, कंदील लावून." मग दुर्बीण खाली न घेताच म्हणाले, "तुझ्या बापाला सांग, मला जमीन नको. ऊस त्याचा, पैका त्याचा, मी कधी मागितलं न्हाय, माझी पोरंबी मागणार न्हाईत. पर नाव राहू दे. गिरणीच्या हजेरीवरनं गेलं, रेशनकार्डावर खाडाखोड, ही खोलीबी मालकाच्या नावावर. माझं नाव कुठं लिवलेलं आसंल तर त्या सातबाऱ्यावर हाय. तेवढं खोडू नका."

मला अण्णांनी गप्प बसायला सांगितलं होतं, आणि बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंही. इतक्यात टँकरचा भोंगा वाजला आणि अर्धा थवा उठला. सगळे पंख एकदम उघडले, लाल आणि काळे. तात्यांच्या तोंडून "आई गं" निघालं. एवढंच. पुढे पाण्याने चिखल झाकत आणला, पाखरं वडाळ्याच्या दिशेने निघून गेली आणि आम्ही स्टेशनकडे. उरलेला पट्टा तात्यांनी स्वतःच्या खांद्याला लावला होता. सॅकमधून पाणी गळत होतं.

त्यानंतर शिवडी बदलली. पुढच्याच वर्षी तिथून समुद्रावरच्या पुलाचं काम सुरू झालं. जवळपास बावीस किलोमीटर लांबीचा अटल सेतू १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला, त्याचं मुंबईकडचं टोक शिवडीलाच आहे. ठाणे खाडीचा वरचा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आहे. शिवडीचा चिखल त्यात नाही. त्याच्यावर कुणाचं नाव नाही.

गावी परतल्यावर मी अण्णांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी कागद उन्हात दगडाखाली वाळत घातला. वाळल्यावर नाकाशी नेला. "कसला वास म्हणायचा ह्यो?"

"शिवडीच्या चिखलाचा."

"आपल्या मातीला आसला वास न्हाय," म्हणाले, आणि कागद घडी घालून ट्रंकेत टाकला. वकिलाचा दोनदा फोन आला, तो त्यांनी घेतला नाही. महिन्याभराने शाळू निघाला. खळ्यावर मापं चालली असताना अण्णांनी एक पोतं बाजूला काढायला लावलं, स्वतः दाभण घेऊन शिवलं, आणि मला हाक मारली. "ह्याच्यावर नाव घाल. पुरं घाल, आमच्या आज्यापासनं." मी रंगाने तात्यांचं पूर्ण नाव लिहिलं, खाली लालबाग, मुंबई. दरवर्षी एक पोतं जातं. अजून जातं.